मोनेनं वर केलेला हात

साल दोन हजार एकोणीस. मी एकाहत्तर वर्षांचा होतो आणि मोने माझ्याहून वर्षानं मोठा. त्या ऑक्टोबरातल्या एका रविवारी तो चहाच्या टपरीवर सगळ्यांसमोर खोटं बोलला. माझ्यासाठी बोलला. पुढच्या उन्हाळ्यात सगळं बंद होतं तेव्हा तो नाशिकला लेकीच्या घरी वारला. आमच्यातल्या कोणालाच जाता आलं नाही. त्याच्या लेकीशी फोनवर बोललो, पण फोनवर काय बोलणार? म्हणून हे लिहायला घेतलं. मी चौथी शिकलेला माणूस. आमच्यातल्या शैलाताई म्हणाल्या, "लिहा भाऊ, मी तपासून देते." मी म्हटलं, लिहीन, पण तपासायला देणार नाही. असेल तसं असेल.

मी वेल्डर. गेटं, ग्रिलं, लोखंडी जिने. भांडुप-मुलुंडात मी जोडलेलं एकही गेट अजून सुटलेलं नाही, कोणीही जाऊन हलवून बघावं. मोने कोर्टातला कारकून. जज्जसाहेब वर बसतात, त्यांच्या खाली टेबलापाशी कागद सांभाळत जो बसतो, तो. दोघांची ओळख व्हायचं तसं काही कारण नव्हतं. झाली ती भांडणातून.

मुलुंडला आमच्या घराजवळ बाग आहे. रिटायर झाल्यावर मी सकाळी तिथं बाकावर बसायचो. एक उंच, किडकिडीत माणूस रोज यायचा. अर्ध्या बाह्यांचा पांढरा शर्ट, खिशाला पेन, गळ्यात दुर्बीण. समोरच्या बिल्डिंगकडे दुर्बीण लावून उभा राहायचा तो हलायचाच नाही. मी दोन दिवस बघितलं, तिसऱ्या दिवशी उठून त्याच्या समोर गेलो.

"ओ साहेब, समोर बायकामाणसं राहतात."

त्यानं दुर्बीण खाली केली नाही. तसाच म्हणाला, "आरोप गंभीर आहे. पुरावा बघणार का?" आणि गळ्यातली दुर्बीण काढून माझ्या हातात दिली. "तिसरा मजला. ग्रिलच्या बाजूला सुकलेली फांदी आहे. तिथं."

मी बघितलं. फांदीला भोक, आणि भोकातून हिरवं डोकं बाहेर, कपाळावर कुंकू फासल्यासारखा लाल ठिपका. तांबट. रोज दुपारी टुक टुक टुक करतो तो हा, हे मला तोपर्यंत ठाऊक नव्हतं. मला वाटायचं कुठंतरी कोणीतरी पत्रा ठोकतोय.

"सुटला आरोपी?" मोनेनं विचारलं.

"सुटला," मी म्हटलं. "पण ते ग्रिल वाकडं लावलंय."

तो हसला. दुसऱ्या दिवशी त्यानं मला अरे-तुरे सुरू केलं, मीही केलं.

पुढं आम्ही चार जण झालो. शैलाताई म्युनिसिपालिटीच्या हॉस्पिटलात सिस्टर होत्या, रिटायर. आणि जयंतीभाई, हार्डवेअरचं दुकान पोराच्या हवाली करून मोकळे झालेले. जयंतीभाई पहिल्या दिवशी भडक नारिंगी टी-शर्ट घालून आले. मोनेनं त्यांना वरपासून खालपर्यंत बघितलं आणि म्हणाला, "जयंतीभाई, आपण पक्षी बघायला चाललोय. पक्ष्यांनी आपल्याला बघायला नाही." पुढच्या रविवारी जयंतीभाई मातकट सदरा घालून आले आणि सगळ्यांसाठी थेपले घेऊन आले. थेपले मग कधी चुकले नाहीत.

मोनेची सवय अशी की चालता चालता वाक्याच्या मध्येच थांबायचा. "काल आमच्याकडे पाण्याचा—" आणि गप्प. आपण ओळखायचं की काहीतरी दिसलंय किंवा ऐकू आलंय. पाच मिनिटांनी, "—प्रेशरच नव्हता," असं म्हणून पुढं चालू. बायको होती तेव्हा तीही वैतागायची म्हणे. भाजी कुठली आणायची ते अर्ध्यात राहायचं, आणि हा बाजारातून हात हलवत परत.

एका उन्हाळ्यात त्यानं कावळ्याचं खाली पडलेलं पिल्लू उचलून कुंपणावर ठेवलं. भलं करायला गेला. कावळ्यांनी त्याला ओळखून ठेवलं. बागेत पाऊल टाकलं की डोक्यावर टपली. बाकीच्यांना काही नाही, फक्त मोनेला. मग तो कडकडीत उन्हात छत्री उघडून फिरायला लागला. कोणी विचारलं की सांगायचा, "माझ्या नावानं वॉरंट निघालंय. अजामीनपात्र." मी म्हटलं, "पिल्लू परत खाली ठेव, म्हणजे सोडतील." तर म्हणाला, "एकदा केलेलं काम मी उलट करत नाही." माझ्यासारखाच हट्टी. म्हणून तर जमलं आमचं.

पण त्याची खरी गंमत रविवारी चहाला. कोर्टात नावाचा पुकारा पट्टेवाला करतो. अमका अमका हाजिर हो! मोनेला नोकरीभर त्या पुकाऱ्याची हौस होती, पण कारकुनानं तो करायचा नसतो. रिटायर झाल्यावर त्यानं ती भागवून घेतली. फेरी झाली की आम्ही गेटाबाहेरच्या टपरीवर बसायचो. चहा आला की मोने ताठ बसून एकेका पक्ष्याचा पुकारा करायचा. ज्यानं तो पक्षी बघितला त्यानं हात वर करायचा. निदान दोन हात वर झाले तर, "हाजिर!" एकच हात असेल तर, "गैरहाजिर." विषय संपला. मग तुम्ही देवाची शपथ घ्या, काही उपयोग नाही. त्याचं म्हणणं, एकाच्या सांगण्यावर माणसं तुरुंगात गेलेली मी बघितलीत, निदान पाखरांच्या बाबतीत तरी ते नको.

हा नियम त्यानं स्वतःलाही सोडला नाही. एका थंडीत तो मागे राहिला होता. मग धापा टाकत आला, चेहरा लहान पोरासारखा झालेला. स्वर्गीय नर्तक बघितला होता त्यानं. पांढरा शुभ्र नर, हातभर शेपटी रिबिनीसारखी. आम्ही तिघं धावलो तर झाड रिकामं. चहाला बसल्यावर त्यानं स्वतःच पुकारा केला, स्वतःचा हात वर केला, इकडे तिकडे बघितलं आणि स्वतःच म्हणाला, "गैरहाजिर." चहा न पिता उठला. जयंतीभाई म्हणाले, "अरे मोनेभाई, घरचा मामला आहे, घेऊन टाका ना." मोने म्हणाला, "घरच्या मामल्यातच माणूस घसरतो."

आता माझं सांगतो.

त्या वर्षी नवरात्र बसायच्या आधीची सकाळ. मी एकटाच लवकर गेलो होतो. बागेच्या मागच्या कोपऱ्यात माळी पाचोळा टाकतो, तिथं जमिनीवर तो होता. पाचोळा उडवत टुणटुण उड्या मारत होता. पाठ हिरवी, पोट मातकट पिवळं, डोळ्यावरून जाड काळी पट्टी, आखूड शेपटी आणि शेपटीखाली लालभडक. वळला तेव्हा खांद्यावर निळं चमकलं. नवरंग. पावसाळा संपला की हे दक्षिणेला परत जातात, जाता जाता एखादा दमून शहरातल्या बागेत उतरतो, असं मोनेनंच सांगितलं होतं. आमच्यापैकी कोणी तो आमच्या बागेत बघितला नव्हता. मी गेटाकडे पळालो. मोने आत येतच होता. परत आलो तर पाचोळा तेवढा शिल्लक.

रविवारी पुकारा झाला. माझा एकट्याचा हात.

"गैरहाजिर," मोने म्हणाला.

शैलाताई हळूच म्हणाल्या, "भाऊ, खंड्या असेल. निळं चमकलं म्हणता ना?"

"खंड्या पाचोळ्यात काय करेल? मासे पकडेल?"

"तसं नाही. पण तुमचे डोळे... परवा तुम्ही चहा कपाबाहेर ओतलात. त्या दिवशी पायरी चुकलात. जन्मभर वेल्डिंग केलंत. एकदा दाखवून घ्या ना. मी येते सोबत."

हे त्या वर्षभर सांगत होत्या. खरं म्हणजे मलाही कळत होतं. बसचा नंबर बस अंगावर आल्याशिवाय दिसायचा नाही. समोरच्या गाडीच्या दिव्याला काटे फुटायचे. जाणारच होतो डॉक्टरकडे. पण आता कसा जाणार? डॉक्टरनं मोतीबिंदू काढला की झालं, सगळे म्हणणार, बघा, पक्षी नव्हताच, म्हाताऱ्याच्या डोळ्यात भुसा होता. शिकलेल्या माणसाचा शब्द कागदावर असतो. माझ्यासारख्याचा तोंडातच असतो. तोही गेला तर राहिलं काय? मी तसं स्पष्ट सांगून टाकलं. नवरंग हाजिर होईपर्यंत मी डोळे दाखवणार नाही.

"वेड लागलंय तुम्हाला," शैलाताई म्हणाल्या. "डोळे जातील."

"जाऊदेत."

मोनेनं चहाचे पैसे दिले आणि उठला. पण दुसऱ्या दिवशी सकाळी मी पाचोळ्यापाशी गेलो तर हा आधीच तिथं. गुडघ्याचं दुखणं होतं त्याला, खाली बसता यायचं नाही. झाडाला टेकून उभा होता.

"तू मानलंस तर!" मी म्हटलं.

"मी काही मानलं नाही. दुसरा साक्षीदार शोधतोय."

"तूच हो ना."

"होईन. दिसू दे."

रोज येऊन उभा राहिला. मच्छर फोडून खायचे. आम्ही बोलायचो नाही. एकदा माळी म्हणाला, "आजोबा, काय हरवलंय का? मी शोधून देतो." मोने म्हणाला, "साक्षीदार हरवलाय." माळी त्यानंतर आमच्या वाटेला गेला नाही. गुडघ्याला पट्टा बांधून मोने यायचा. मी म्हणायचो, "घरी जा रे, मेल्या, पाय सुजलाय." तर म्हणायचा, "तारीख पडलीय, हजर राहायला पाहिजे." माझ्या शब्दावर त्याचा विश्वास नव्हता असं नाही म्हणणार, पण त्यानं तो तोंडानं कधी दिला नाही. पाय मात्र दिले. सख्खा भाऊ असता तरी माझ्यासाठी इतका उभा राहिला नसता.

नवरंग काही दिसला नाही.

कोजागिरीनंतरच्या रविवारी आम्ही मोठी फेरी ठरवली. गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी मोने सोमवारी सकाळच्या गाडीनं नाशिकला निघणार होता, घराला कुलूप लावून. होळीपर्यंत येतो म्हणाला. म्हणून त्या दिवशी एकच बाग नाही, दिवसभर बागा. सकाळी मुलुंड. धोबी आला होता, पाण्याच्या कडेला शेपूट वरखाली करत. तो आला की थंडी येणार. कोतवाल तारेवर बसला होता, त्याला बघून मोने म्हणाला, "चला, पोलीस आले, कामकाज सुरू." मग घाटकोपरच्या बागेत हळद्या, पिवळाधमक, पिंपळाच्या शेंड्यात. तिथून मेट्रोनं अंधेरी. जयंतीभाईंनी बाकावर थेपले आणि छुंदा मांडला. ऊन छान पडलं होतं. मी मान वर केली आणि म्हटलं, "घार बघा, काय मस्त तरंगतेय."

तिघांनी वर बघितलं. मग जयंतीभाई म्हणाले, "परबभाई, विमान आहे ते. चाकं पण बाहेर आलीत त्याची."

आवाज मागून आला तेव्हा मलाही कळलं. शैलाताईंनी हसू दाबल्यासारखं केलं, पण ते हसू नव्हतं, मी बघितलं. जयंतीभाईंना बोलल्याचं वाईट वाटलं, त्यांनी माझ्या ताटलीत अजून एक थेपला ठेवला. मी तो कागदात गुंडाळून खिशात घातला. परतीच्या वाटेवर मी खिडकीकडे तोंड करून बसलो.  मोने माझ्याकडे नुसता बघत होता.

संध्याकाळी आमच्याच टपरीवर चहा. मोने ताठ बसला.

"धोबी!" चार हात. "हाजिर!"

"कोतवाल!" चार हात.

"हळद्या!" तीन. मला तो दिसला नव्हता, फक्त पिवळं काहीतरी. मी हात वर केला नाही.

असं करत करत शेवटी आला. दर रविवारी मी तो पुकारा करायला लावायचोच, माझा हट्ट.

"नवरंग!"

माझा हात वर. आणि मोनेनं स्वतःचा हात वर केला.

 जयंतीभाई म्हणाले, "मोनेभाई? तुम्ही बघितला?"

"बघितला. परवा. पाचोळ्यापाशी. परब माझ्या शेजारीच होता. फांदीवर बसला होता पक्षी. निळा, हिरवा. मी बघितला."

"झकास!" जयंतीभाईंनी टाळी वाजवली. "मग झालं ना, दोन हात! हाजिर बोला!"

मला जे पाहिजे होतं ते समोर ठेवलं होतं. गप्प बसायचं होतं, बस. पण परवा मी त्याच्या शेजारी उभा होतो. फांदी रिकामी होती. त्याचा वर केलेला हात मी बघत होतो, शर्टाच्या बाहीतून बाहेर आलेला, हाडकुळा, आणि तो हात मला बघवेना. जन्मभर ज्यानं खोट्या साक्षी ऐकल्या आणि तोंड वाकडं केलं, तो माझ्यापायी स्वतः...

"हात खाली कर, मोने," मी म्हटलं.

"का?"

"तू काही बघितलं नाहीस. परवा तिथं काही नव्हतं. खोटं बोलतोस."

"परब, गप्प बस."

"नाही बसत. मला कोणाची भीक नको. मी बघितला तो बघितला. एकट्यानं बघितला. गैरहाजिर तर गैरहाजिर. पण तुझा खोटा हात नको मला."

मोनेनं हात खाली घेतला. मान खाली घातली. जयंतीभाई गोंधळून एकदा त्याच्याकडे, एकदा माझ्याकडे बघायला लागले. "हे कसलं केस आहे यार? साक्षीदार ह्यांच्या बाजूनं बोलतोय, आणि हेच त्याला खोटा म्हणतायत!"

तेव्हा शैलाताईंनी कप खाली ठेवला आणि आपला हात वर केला.

"ताई, तुम्ही कुठं बघितला?" जयंतीभाई म्हणाले.

"पक्षी नाही बघितला मी," शैलाताई म्हणाल्या. "पण हा माणूस स्वतःच्या फायद्याचंसुद्धा खोटं चालवून घेत नाही, हे आत्ता बघितलं. मी त्यांना खंड्या म्हणाले होते, ते मागे घेते. मोने, करा पुकारा."

जयंतीभाईंचा हातही वर गेला. थेपल्याचं तेल लागलेला.

मोनेनं कप बाजूला सारला. टेबलाचा आधार घेतला, दुखऱ्या गुडघ्यावर भार देत उभा राहिला. एरवी बसूनच करायचा. रस्त्यावरची माणसं थांबली इतक्या मोठ्यानं ओरडला.

"नवरंग! हाऽऽजिर!"

मी चहाचा कप उचलला. रिकामा होता तरी प्यायलो.

मोनेला घरापर्यंत सोडायला मी गेलो. हळूहळू चालत होता. मी विचारलं, "का रे खोटं बोललास?"

"विमानाला घार म्हणालास तू. तुझे डोळे चाललेत, परब. आणि तू पाचोळ्यात अडकून बसलास. मला उद्या जायचं होतं, वेळ कुठं होता?"

"तुला ठाऊक होतं ना, मी ऐकून घेणार नाही ते? म्हणून केलंस. कोर्टातला डाव."

"कसला डाव? ठाऊक असतं तर इतका घाम फुटला असता का मला?" त्यानं पाठ फिरवून शर्ट दाखवला. "बघ, अजून ओला आहे. मी खरंच खोटं बोललो रे. आणि तेही धड जमलं नाही. नवरंग फांदीवर बसवला! तो जमिनीवर असतो."

मी हसलो. तोही हसला. मग डोळे पुसले त्यानं, हसण्यानं आले असतील.

त्याच्या बिल्डिंगच्या दारात म्हणाला, "उद्या मला सोडायला येऊ नकोस. सकाळी तुला दुसरीकडे जायचंय."

"बघतो," मी म्हटलं. हो मी कोणालाच म्हणत नाही.

"बघशील. आधी नीट दिसू तर दे."

लिफ्ट बंद होती. तो जिना चढायला लागला, एक पाय पायरीवर, मग दुसरा त्याच पायरीवर. पहिल्या मजल्याच्या खिडकीत दिसला. तिथं थांबला. समोरच्या झाडावर पोपट कलकलाट करत झोपायला जमत होते, त्यांच्याकडे त्यानं दुर्बीण लावली. उजेड कुठला राहिलेला, काय दिसत असेल कोण जाणे. माझ्याकडे एकदासुद्धा बघितलं नाही. मी खाली उभा आहे हे त्याला ठाऊक होतं. मग दुर्बीण खाली घेतली आणि वर गेला. पांढरा शर्ट वळणावर दिसेनासा झाला. त्यानंतर मी मोनेला बघितलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी, त्याची गाडी सुटायच्या सुमारास, मी डोळ्यांच्या दवाखान्यात होतो. एकटाच गेलो. शटर उघडायच्या आधीपासून पायरीवर बसलो होतो. काउंटरवरच्या मुलीनं नाव विचारलं, वय विचारलं. मग म्हणाली, "काय त्रास होतोय, आजोबा?"

मी म्हटलं, "कमी दिसतं. बरेच दिवस झाले."